दगडाच्या पाठीवरची नावे

१९०६ या एकाच वर्षी दोन जपानी लेखकांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. ओकाकुरा काकुझो यांचे ‘द बुक ऑफ टी’ न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत निघाले. शिमाझाकी तोसोन यांची ‘हाकाई’ ही कादंबरी जपानमध्ये जपानीत निघाली. पहिल्यात चहापानाचा विधी, साधी खोली, फुलांची मांडणी आणि त्यामागचे सौंदर्यतत्त्व आहे. दुसरीत जन्माने अपवित्र ठरवलेल्या समाजातला एक तरुण शिक्षक आहे. आपला जन्म लपवून तो शाळेत शिकवतो आहे. जगाने जपानची परंपरा म्हणून पहिले पुस्तक उचलून धरले. दुसऱ्याचा इंग्रजी अनुवाद यायला १९७४ साल उजाडावे लागले.

चहाच्या खोलीचे दार जेमतेम तीन फूट उंच असते. कितीही मोठा माणूस असो, त्याला वाकूनच आत जावे लागते. ओकाकुरा यांना यात नम्रतेचे शिक्षण दिसते. चहा प्रत्येकाला अभिरुचीने उमराव बनवतो, असाही त्यांचा दावा आहे. हा ‘प्रत्येक’ कोण, हे मात्र ते सांगत नाहीत. ज्यांच्या उंबरठ्यावर येण्यानेच घर बाटत होते, त्यांची या सौंदर्यविचारात नोंदच नाही. माझा मुद्दा असा, की जपानचे प्राचीन सौंदर्य आणि जपानची अस्पृश्यता हे एकाच इतिहासाचे दोन भाग आहेत. एकाकडे डोळेझाक करून दुसऱ्याची समीक्षा करणे अप्रामाणिक आहे.

हा इतिहास अगदी मुळापासून पाहू. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’त इझानागी हा देव मृत पत्नीला शोधत मृत्युलोकात जातो. तिथे तिचे सडलेले शरीर पाहून पळतो आणि नदीत स्नान करून तो विटाळ धुतो. डावा डोळा धुताना सूर्यदेवता आमातेरासू जन्मते. सम्राटाचे घराणे आपली परंपरा तिच्यापर्यंत नेते. म्हणजे राज्यसत्तेच्या पुराणातच मृत्यूचा विटाळ धुऊन निघालेले पावित्र्य बसले आहे. या विटाळाला जपानीत ‘केगारे’ म्हणतात.

९२७ मध्ये संकलित झालेल्या ‘एंगिशिकी’ या राजविधींच्या नियमसंग्रहात केगारेचे गणित मांडले आहे. माणसाच्या मृत्यूचा विटाळ ३० दिवस, बाळंतपणाचा ७, पाळीव जनावराच्या मृत्यूचा ५, मांस खाल्ल्याचा ३. तो एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे कसा जातो, याचेही नियम आहेत. सुतक आणि सोयर पाळणाऱ्या घरांची भाषा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे नवीन वाटणार नाही. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. हा विटाळ दिवसांचा होता. दिवस संपले की तो संपत होता. तो कोणाच्या रक्तात नव्हता.

मग दिवसांचा विटाळ जन्माचा कसा झाला? उत्तर कामाच्या वाटणीत आहे. राजधानी क्योतोत मेलेली जनावरे ओढणे, कातडी सोलणे, प्रेतांची विल्हेवाट लावणे, रस्ते झाडणे ही कामे रोजच होती. उमरावांना पवित्र राहायचे, तर ती दुसऱ्या कोणी करायला हवीत. ज्यांच्या माथी ती रोज मारली गेली, त्यांचे दिवस कधी संपलेच नाहीत. ही माणसे नदीकाठच्या, सारा न लागणाऱ्या पडीक जमिनीवर राहत, म्हणून त्यांना ‘कावारामोनो’, म्हणजे नदीपात्रातले लोक, म्हणू लागले. पुढे काही समूहांना ‘एता’ नाव चिकटले. ते ज्या दोन अक्षरांत लिहीत त्यांचा अर्थ ‘फार घाण’. दुसऱ्यांना ‘हिनिन’ म्हणत, म्हणजे ‘माणूस नसलेले’. तोकुगावा राजवटीत (१६०३ ते १८६८) हे सारे कायद्याने, वंशपरंपरेने घट्ट बांधले गेले.

आता सौंदर्याकडे येऊ. पंधराव्या शतकातल्या क्योतोतल्या नामांकित बागा बांधणारांत हेच कावारामोनो होते. माती, झाडे, दगड हलवण्याचे कष्टाचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांनी त्याची कला केली. त्यांच्यातला झेनआमी हा शोगुन आशिकागा योशिमासा याचा आवडता उद्यानकार. तो आजारी पडला तेव्हा शोगुनने त्याच्यासाठी औषध पाठवले होते. पण राजाची मर्जी म्हणजे समाजाची समता नव्हे. या झेनआमीचा नातू मातासिरो हाही उद्यानकार. त्याचे बोलणे एका झेन भिक्षूने १४८९ मध्ये रोजनिशीत टिपून ठेवले. खाटकाच्या घरात जन्मल्याचे दुःख आपल्याला आहे, म्हणून आपण जीव न घेण्याची आणि धनाचा लोभ न धरण्याची शपथ घेतली आहे, असे तो सांगतो. आजोबाच्या हातांनी शोगुनच्या बागा घडवल्या, तरी नातवाला आपला जन्म शपथेने धुवावा लागतो. माझ्या घरी तीन पिढ्या कातडे कमावले गेले आणि मी त्या घरातला पहिला पदवीधर. मातासिरोचे ते बोलणे मला कोणत्याही सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथापेक्षा लवकर समजले.

र्‍योआन्जी मंदिराची बाग जगप्रसिद्ध आहे. पांढरी खडी आणि १५ दगड. तिथल्या ‘शून्यते’वर पानेच्या पाने लिहिली जातात. पण त्यातल्या एका दगडाच्या पाठीवर दोन नावे कोरलेली आहेत. एक कोतारो, दुसरे अर्धवट पुसलेले. ती बाग घडवणाऱ्या कावारामोनोंची असावीत, असे अभ्यासक मानतात. समोर बसून ध्यान करणाराला ती दिसत नाहीत. नोह नाट्याचा थोर कलावंत झेआमी याचेही असेच. शोगुनने त्या मुलाला १३७८ मध्ये गिओन उत्सवात शेजारी बसवले, तेव्हा एका दरबारी उमरावाने रोजनिशीत नाक मुरडले : हा खेळ तर भिकाऱ्यांचा धंदा! आज नोह म्हणजे अभिजात. कला वर चढली. ज्या थरातून ती आली, तो थर तिथेच राहिला.

आपल्या वाचकांना सर्वांत टोचणारा प्रश्न धम्माचा आहे. जपान बौद्ध देश, आणि नागपूरच्या भदन्त सुरेई ससाईंमुळे तो आपल्याला जवळचाही. पण तिथे बौद्ध धर्माने केगारे मोडले नाही. अहिंसेच्या नावाने खाटीक आणि चांभार पापी ठरले. कातड्याचे जोडे, चिलखते आणि ढोल वापरणारे ठरले नाहीत. मेल्यावर भिक्षू जे धर्मनाव देतात, त्यातही या समाजाच्या थडग्यांवर ‘पशू’, ‘कातडे’ अशा अर्थाची अक्षरे कोरली गेली. १९७९ मध्ये प्रिन्स्टनच्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या एका मोठ्या पदाधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभावच नाही असे सांगितले. मुक्तिचळवळीने त्याला जाब विचारला, तेव्हा पंथाला स्वतःची थडगी तपासावी लागली. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दीक्षेबरोबर २२ प्रतिज्ञा का दिल्या, हे या इतिहासासमोर अधिक स्पष्ट होते. समाजव्यवस्थेला प्रश्न न विचारणारा धम्म त्या व्यवस्थेचा पुरोहित बनतो.

‘हाकाई’कडे परत येतो. १८७१ च्या फर्मानाने ‘एता’ आणि ‘हिनिन’ ही नावे रद्द झाली, पण माणसांच्या मनातून गेली नाहीत. कादंबरीच्या आरंभीच एका धनिकाला, त्याचा जन्म कळताच, खाणावळीतून हाकलतात. ते पाहून नायक उशिमात्सु राहण्याची जागा बदलतो. जन्म कधीही सांगू नको, ही बापाची आज्ञा त्याच्या उरावर आहे. इथपर्यंत तोसोन थोर आहेत. लपवून जगणाऱ्याची भीती त्यांनी आतून पकडली आहे. पण शेवटी उशिमात्सु विद्यार्थ्यांसमोर गुडघे टेकून क्षमा मागतो आणि टेक्सासला जायला निघतो. गुन्हा कोणाचा आणि क्षमा कोण मागतो? लेखकाची करुणा खरी आहे, पण ती वरून आलेली आहे. तिला नायकाचा अभिमान दिसत नाही.

तो दाखवला १६ वर्षांनी त्या समाजानेच. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत ‘सुइहेइशा’ या संघटनेची स्थापना झाली. तिचा जाहीरनामा साइको मानकिची यांनी लिहिला. ते स्वतः या समाजातल्या बौद्ध मंदिराच्या घराण्यातले. ‘एता’ असल्याचा अभिमान त्यांनी उघड सांगितला आणि कीव नाकारली. उशिमात्सुचे टेकलेले गुडघे तिथे उभे राहिले. तो जाहीरनामा मी वाङ्मय म्हणून वाचतो, आणि जपानी साहित्याच्या अभ्यासक्रमात त्याची जागा ‘हाकाई’च्या शेजारी असली पाहिजे असे मानतो.

लढा संपलेला नाही. २०१६ मध्ये जपानी संसदेने केलेल्या कायद्यातच हा भेदभाव आजही आहे, अशी कबुली आहे. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना जपानची बाग जरूर दाखवावी. तिची रचना समजावून सांगावी, तिचे सौंदर्य मनापासून मान्य करावे. मग दगडाच्या मागे जाऊन ती दोन नावे वाचायला लावावीत, पुसलेले दुसरे नावसुद्धा.