राजवाड्यातली वही

आठव्या हेन्रीचा दरबार म्हटला की आपल्याला त्याच्या सहा राण्या आठवतात आणि त्यांपैकी दोघींचा झालेला शिरच्छेद. शाळेतल्या इतिहासाने एवढे शिकवले, पुढे कादंबऱ्या आणि चित्रपटांनी त्यावर रंग चढवला. या गदारोळात त्याच दरबारात हातोहात फिरलेली एक वही मागे पडते. पुढे ती ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या संग्रहात राहिली म्हणून अभ्यासक तिला ‘डेव्हनशायर हस्तलिखित’ म्हणतात. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपल्याकडे जिला बाड म्हणतात, त्या जातीचीच ही चीज. कुणीतरी कविता उतरवून घ्यायची, दुसऱ्याने खाली आपली जोडायची, तिसऱ्याने शेरा मारायचा. त्या दरबारातली माणसे खरोखर कशी जगली, हे जाणून घ्यायचे असेल तर फाशीच्या कथांपेक्षा हे बाड अधिक विश्वासाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मात्र ते कसे वाचायचे, याचा विचार आधी करायला हवा.

त्यासाठी ते घर पाहू. घरच म्हणायचे, कारण दरबार म्हणजे मुळात राजाचा प्रचंड संसार. हॅम्प्टन कोर्टच्या मुदपाकखान्यातून सुमारे सहाशे माणसे दिवसातून दोनदा जेवत. हा पसारा ग्रिनिच, रिचमंड, व्हाइटहॉल असा वाड्यावाड्यांतून फिरत असे. १५२६ साली कार्डिनल वुल्सीने एल्टम येथे या संसारासाठी नियम घालून दिले. ते वाचताना हसू येते आणि थोडे भयही वाटते. मुदपाकखान्यातल्या पोऱ्यांनी उघडेनागडे वावरू नये. राजा ज्याच्या घरी पाहुणा जाईल तिथली कुलपे, बाके, कपाटे कुणी लांबवू नयेत. राजाच्या न्हाव्याने हलक्यासलक्यांची संगत धरू नये. राजाच्या खासगी दालनात माणसे अवघी पंधरा. त्यांपैकी कपडे चढवताना राजाच्या अंगाला हात कुणी लावायचा आणि कुणी नाही, हेही ठरलेले. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की राजा कुठे गेला, काय करतो, याची चौकशी करायची नाही आणि जे दिसेल ते बाहेर बोलायचे नाही.

हा शेवटचा नियम ध्यानात ठेवूनच वहीची पाने उलटावीत. जिथे बोलण्यावर पहारा असतो तिथे माणसे काय करतात? ती दुसऱ्याच्या शब्दांत बोलतात.

वहीत सुमारे वीस हस्ताक्षरे आहेत. त्यांत तिघींचे हात महत्त्वाचे. मेरी शेल्टन ही राणी अ‍ॅन बुलिनची आतेबहीण. मेरी हॉवर्ड ही अ‍ॅनची मामेबहीण. राजाच्या अनौरस मुलाशी, हेन्री फिट्झरॉयशी लग्न झाल्याने ती राजाची सूनही. आणि मार्गारेट डग्लस ही राजाची सख्खी भाची. म्हणजे ही वही एका गोतावळ्यातली आहे. राणीच्या तैनातीतल्या या तरुण मुली. शिवणटिपण, प्रार्थना, नाच आणि वाट पाहणे यांत त्यांचा दिवस जाई. मेरी शेल्टनने आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात फुटकळ कवने लिहिली म्हणून अ‍ॅनने तिला खडसावले, असे अ‍ॅनचा धर्मोपदेशक विल्यम लॅटिमर याने लिहून ठेवले आहे. प्रार्थनेच्या पुस्तकात जागा मिळेना म्हणून वही आली असे नव्हे. पण लिहिण्याची खोड कुठवर होती, ते यातून कळते.

एका पानावर एक विरहकविता आहे. तिच्या कडव्यांची आद्याक्षरे जुळवली की शेल्टन हे नाव तयार होते. म्हणजे कुणा प्रेमिकाने ती मेरीला उद्देशून लिहिली असावी. त्या कवितेशेजारी दोन शेरे आहेत. एकीने ती विसरून जावी असे सुचवले आहे, तर दुसरीने ती मोलाची असल्याचा निर्वाळा दिला आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या दोन मैत्रिणी एका कवितेवरून वाद घालीत आहेत. काव्यसमीक्षेचा इतका जिवंत नमुना विद्वानांच्या ग्रंथांतून क्वचितच सापडेल.

पण वहीचा खरा कस १५३६ साली लागला. त्या वर्षीच्या मे महिन्यात अ‍ॅन बुलिन आणि तिच्यासंगे दोषी ठरवलेले पाच पुरुष मारले गेले. दोन महिन्यांतच मार्गारेट आणि राणीचा सावत्र मामा लॉर्ड टॉमस हॉवर्ड यांनी चोरून लग्नाचे वचन घेतल्याचे उघडकीस आले. राजाची भाची म्हणजे सिंहासनाच्या वारसाहक्काचा प्रश्न. दोघांनाही टॉवरमध्ये टाकण्यात आले. टॉमसला देहदंड सुनावला गेला. तो अमलात आला नाही, पण १५३७ च्या ऑक्टोबरअखेर तो कैदेतच आजाराने वारला. या दोघांची म्हणून ओळखली जाणारी कवने वहीत आहेत, आणि त्यांत काही कडवी चॉसरच्या ‘ट्रॉयलस आणि क्रिसीड’मधून उचललेली आहेत. चॉसरचे समग्र लेखन १५३२ साली छापून निघाले होते; त्यातूनच ती घेतली गेली.

याला उसनवारी म्हणून नाक मुरडणारे टीकाकार होऊन गेले. त्यांचे म्हणणे मान्य करता येत नाही. ज्या घरात स्वतःचे वाक्य उद्या पुरावा म्हणून पुढे येऊ शकते, तिथे दीडशे वर्षांपूर्वीच्या कवीचे कडवे हा उत्तम आडोसा असतो. शिवाय ही मंडळी नुसती उतरवत नव्हती. त्याच छापील ग्रंथातल्या एका कडव्यात स्त्रियांचे कपट लिहून संपणार नाही असा आशय आहे. वहीत उतरवताना ‘कपट’ गाळून तिथे ‘निष्ठा’ घातली आहे. तेवढ्या एका शब्दबदलाने सारे कडवे उलटे फिरले, आणि निंदेचे स्तोत्र झाले. नक्कल करणारा हातही लेखकाचाच हात असतो, याचा याहून चांगला दाखला कोणता हवा? २०१२ साली एलिझाबेथ हील यांनी ही वही स्त्रियांचे पुस्तक म्हणून संपादित केली ती उगाच नव्हे.

वहीतली बहुसंख्य कवने मात्र टॉमस वायटची मानली जातात. वायट हा दरबारी, वकील म्हणून सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेलेला, दोनदा टॉवरमध्ये पडून सुटलेला. १५२७ मध्ये तो इटलीला गेला आणि पेट्रार्कचे सुनीत त्याने इंग्रजीत आणले. हाच प्रकार पुढे इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला आणि केशवसुतांनी तो मराठीत रुजवला, हे आपण जाणतोच. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या वाचकाला वायटची अडचण लगेच कळेल. शब्द नेता येतात, पण त्यांच्या पाठीमागचे घर नेता येत नाही. पेट्रार्कची पांढरी हरिणी स्वप्नासारखी दिसते आणि नाहीशी होते. ती मुक्त आहे. वायटकडे तीच हरिणी आल्यावर तिच्यामागे शिकाऱ्यांचा थवा लागतो, कवी दमून मागे राहतो, आणि तिच्या गळ्यातला पट्टा मालकीची ताकीद देतो. इटालियनमधले ध्यान इंग्रजीत आल्यावर दरबारातली धाप झाले.

ही हरिणी म्हणजे अ‍ॅन बुलिन, असे सांगण्याची रीत पडली आहे. असेलही. पण त्या एका नावाने कविता संपवून टाकणे मला पटत नाही. १५३६ च्या मे महिन्यात टॉवरमध्ये कैदेत असताना पाहिलेल्या मृत्यूंवरही एक कविता वायटच्या नावावर आहे. तिच्यात सेनेकाच्या नाटकातले लॅटिन शब्द ध्रुपदासारखे परत परत येतात आणि सिंहासनाजवळच्या गडगडाटाची आठवण देतात. तिथेही स्वतःच्या भाषेत न मावणारे भय त्याने परक्या भाषेच्या हवाली केले. वायटचा विषय एक स्त्री नव्हे. मर्जीवर जगणाऱ्या माणसाला आपले म्हणून काय उरते, हा त्याचा विषय.

वायट १५४२ मध्ये वारला. १५५७ साली रिचर्ड टॉटेलने त्याच्या आणि सरेच्या कविता छापल्या, आणि तेव्हापासून त्या जगासमोर आल्या. हे उपकार मोठे; पण त्या पुस्तकात वायटच्या खडबडीत ओळी रंधा मारून गुळगुळीत केल्या गेल्या आणि प्रत्येक कवितेवर कुणा एका प्रेमिकाचे मथळे चिकटले. वहीतली कविता कुणाला तरी दिलेली होती, तिला उत्तर येत होते. छापील पुस्तकात उत्तर देणाऱ्या बायका गेल्या, शेरे गेले, आणि एकटा सुस्कारे टाकणारा पुरुष उरला. दरबारी कवितेविषयी पुढे जे गैरसमज झाले, त्यांचे मूळ बरेचसे इथे आहे.

वहीचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तीतली कितीतरी कवने एकाच साच्यातली आहेत. निष्ठुर प्रिया, झुरणारा जीव, तेच रडगाणे. सलग वाचले तर कंटाळा येतो. आणि मुदपाकखान्यातला तो उघडा पोऱ्या, चुलीपुढे भाजून निघणारा, या पानांत कुठेच नाही. त्याचा उल्लेख फक्त नियमात आहे, कवितेत नाही. ज्याला लिहिता येत होते त्याचेच दुःख शिल्लक राहिले. दरबारी वाङ्मय वाचताना हे विसरून चालत नाही.

तरीही एका पानापाशी थांबावेच लागते. परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायकोच्या तोंडची सरेची एक कविता वहीत आहे, आणि ती मेरी हॉवर्डच्या, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीच्या हस्ताक्षरात आहे. १५४६ च्या अखेरीस सरेवर राजद्रोहाचा आळ आला, मेरीची जबानी घेतली गेली आणि ती त्याच्याविरुद्ध वापरली गेली. १५४७ च्या जानेवारीत त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर त्याच्या मुलांचा सांभाळ याच आत्याने केला. जबानीतली मेरी खरी, की भावाची कविता निगुतीने उतरवून ठेवणारी खरी? इतिहास पहिलीचा दाखला देतो. वही दुसरीचा देते. समीक्षकाने निवाडा करू नये. दोन्ही कागद शेजारी ठेवावेत आणि वाचकाला दाखवावेत. त्या दरबारात माणूस एकाच हाताने दोन्ही लिहीत होता.