उल्हासनगरचीं घरें, न्यायालय आणि विधिमंडळ

कायद्याचा मसुदा हा वाङ्मयपरीक्षणाचा विषय नव्हे, असें आमचे कांहीं रसिक मित्र म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. ज्या मजकुराच्या एका शब्दावर हजारों कुटुंबांचें छप्पर राहावयाचें किंवा जावयाचें, त्याचें परीक्षण कादंबरीहून अधिक कसोशीनें व्हावयास पाहिजे. उल्हासनगरांतील अनधिकृत बांधकामें नियमित करण्यासाठीं महाराष्ट्र विधिमंडळानें 2006 सालीं केलेला खास कायदा हा असाच मजकूर आहे, आणि त्यांतील ‘नियमित’ हा शब्दच आमच्या मतें सर्वांत संशयास्पद आहे.

या शहराचा जन्मच अपवादांतून झाला. कल्याणजवळील लष्करी छावणींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या वसाहतीची कोनशिला बसली. कुटुंब वाढलें कीं बराकीस पडवी लागे, पडवीवर मजला चढे. पुढें पडवीच्या जागीं विक्रीसाठीं बांधलेल्या इमारती आल्या. अखेर जनहितार्थ अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयानें 855 इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हां शासन दचकलें. 1 जानेवारी 2005 पूर्वींचीं बांधकामें शुल्क घेऊन मान्य करावीं, हें त्या दचकण्याचें फळ.

न्यायालयानें पाडा म्हणावें आणि विधिमंडळानें राखा म्हणावें, हें राज्यघटनेस धरून आहे काय? येथें घाईनें संतापणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. पृथ्वी कॉटन मिल्सच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें 1969 सालींच मर्यादा आंखून दिली आहे: निकाल बंधनकारक नाहीं असें नुसतें जाहीर करण्याचा अधिकार विधिमंडळास नाहीं, परंतु ज्या कायदेशीर पायावर निकाल उभा होता, तो पाया त्यास बदलतां येतो. कुशल मसुदाकारास हें अशक्य नव्हे.

अनुच्छेद 14 मधील समतेचा प्रश्न मात्र आम्हांस अधिक बोचतो. लोहमार्गावरील पुढचींच दोन स्थानकें म्हणजे अंबरनाथ व बदलापूर. तेथील रहिवाशानें विचारावें कीं, शेजाऱ्यास स्वतंत्र कायदा आणि मला नाहीं, हें कां? उत्तर फाळणींत आहे, आणि तें उत्तर खोटें नाहीं. निर्वासितांची वसाहत हा वेगळा वर्ग खराच. पण बराकीची पडवी आणि नफ्यासाठीं चढविलेले पांच मजले एकाच वर्गांत कसे बसतात? आजोबांनीं सोसलेलें निर्वासन बिल्डरनें वटवावें, हें आम्हांस विपरीत वाटतें. 2017 सालीं तर नगररचना अधिनियमांत कलम 52-अ घालून 2015 अखेरपर्यंतच्या बांधकामांसाठीं अशीच वाट साऱ्या राज्यास मोकळी झाली. मग निर्वासितांचें निमित्तहि उरलें नाहीं.

मे 2021 मध्यें पंधरवड्याच्या आंत उल्हासनगरांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या वेळीं सात माणसें गेलीं. दोन्ही इमारती 2005 पूर्वींच्या, म्हणजे तारखेच्या कसोटीस उतरणाऱ्या. तारखेला तुळईची अवस्था ठाऊक नसते. कायदा होऊन पंधरा वर्षें लोटलीं होतीं, तरी या दुर्घटनांनंतर शासनास पुन्हा समिती नेमावी लागली. ज्यानें जन्माची पुंजी घालून सदनिका घेतली, त्याच्या हातीं इतकी वर्षें ना दाखला, ना पर्यायी घर. इमारतीच्या मजबुतीची तपासणी आधीं आणि शुल्काची पावती मागाहून, हा क्रम आम्हांस अपरिहार्य वाटतो. आणि जेथें पाडणेंच प्राप्त आहे, तेथें रहिवाशांस दुसरें छप्पर दिल्यावांचून हातोडा उचलूं नये.

मेरठच्या एका खटल्यांत 17 डिसेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, काळ लोटला म्हणून किंवा पैसा गुंतला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाहीं; कर्तव्यांत कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवरहि कारवाई व्हावी. आमच्या वाचकांनीं तो निकाल 2006 च्या कायद्याशेजारीं ठेवून वाचावा, आणि मजले चढत असतां पाहणाऱ्या अधिकाऱ्यांविषयींचीं वाक्यें विशेष लक्ष देऊन वाचावींत.