चौदाव्या दिवसाचे गणित

बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकातून दर जूनमध्ये पुण्यातल्या घरोघरी पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शिका जातात. त्यांतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत मासिक पाळीची आकृती सहसा एकाच साच्याची असते: 28 दिवसांचे चक्र आणि बरोबर 14व्या दिवशी अंडाशयातून बाहेर पडणारी अंडपेशी. आकृती सुबक आहे. पण विद्यार्थी तिच्यातला 14 हा आकडा नियम म्हणून पाठ करतात आणि पुढे संसारात त्यावरच विसंबतात. आमचा आक्षेप आहे तो याला.

पाळीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात पुटिका वाढते. त्याला किती दिवस लागतील हे प्रत्येक स्त्रीत, आणि एकाच स्त्रीत महिन्यागणिक, बदलते. अंडमोचनानंतरचा पीतपिंडाचा काळ मात्र त्या मानाने स्थिर, साधारण दोन आठवड्यांचा असतो. म्हणजे 35 दिवसांच्या पाळीत अंडमोचन 21व्या दिवसाच्या आसपास, तर 24 दिवसांच्या पाळीत 10व्या दिवसाच्या आसपास होईल. मोजणी पुढच्या पाळीपासून मागे करायची असते, हे जपानचे ओगिनो व ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी 1920च्या दशकातच दाखवले होते. अडचण अशी की पुढची पाळी कधी येणार हे आधी नक्की सांगता येत नाही. त्यामुळे उत्तर एका तारखेत येत नाही, ते काही दिवसांच्या पट्ट्यात येते.

हे गणित फळ्यावर करून पाहावे. निदान सहा पाळ्यांची नोंद घ्या. सर्वांत लहान पाळीच्या दिवसांतून 18 आणि सर्वांत मोठीच्या दिवसांतून 11 वजा करा. पाळ्या 27 ते 33 दिवसांच्या असतील, तर 9व्यापासून 22व्या दिवसापर्यंतचा काळ गर्भधारणेस अनुकूल मानावा लागतो. एक दिवस शोधायला निघालो आणि हाती 14 दिवस आले!

प्रत्यक्षातला काळ याहून लहान असतो. अंडपेशी जेमतेम एक दिवस टिकते, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. अमेरिकेत विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 1995 साली दाखवले की अंडमोचनाचा दिवस व त्याआधीचे पाच, असे सहाच दिवस गर्भधारणेचे. त्यांच्याच 2000 सालच्या अभ्यासात हे सहाही दिवस 10 ते 17 या दिवसांत बसणाऱ्या स्त्रिया सुमारे 30 टक्केच निघाल्या. मग ‘सुरक्षित दिवस’ फसतात आणि मूल हवे असलेले जोडपे नेमका चुकीचा आठवडा मोजत बसते, यात नवल काय? दोष मात्र बाईच्या माथी मारला जातो.

शरीराची चिन्हे अधिक बोलकी असतात. अंडमोचनाआधी गर्भाशयमुखाचा स्राव पातळ, निसरडा होतो. नंतर सकाळचे तापमान अर्ध्या अंशाहूनही कमी, पण टिकून राहील असे वाढते. मात्र ही वाढ घटना घडून गेल्यावर कळते. संप्रेरकाची लाट लघवीच्या चाचणीतून एक-दीड दिवस आधी कळू शकते.

दिवसांच्या याच मोजणीला आपल्याकडे आणखी एक शेपूट आहे. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, हे मनुस्मृतीतले विधान अजून ऐकू येते. 2020 साली कीर्तनातल्या अशाच विधानावरून प्रकरण न्यायालयात गेले. शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर लिंग ठरते. 1995च्या त्याच अभ्यासात संबंधाचा दिवस आणि बाळाचे लिंग यांत काहीही नाते आढळले नाही.

शिक्षकांना आमची विनंती साधी आहे. आकृतीतल्या 14 या आकड्याआधी ‘सुमारे’ लिहा आणि शेजारी 24 व 35 दिवसांच्या दोन पट्ट्या काढा. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींची चक्रे 21 ते 45 दिवसांचीही असू शकतात. आपली पाळी पुस्तकाबरहुकूम नाही म्हणून वर्गातली एखादी मुलगी स्वतःलाच आजारी समजत असेल, तर तिच्यासाठी या दोन पट्ट्या फार मोलाच्या ठरतील.