कादंबरींतील उपाशी मुलें

इंग्रजी कादंबरीच्या वाचकांस दोन उपाशी मुलें चांगलीं परिचयाचीं आहेत. एक चार्ल्स डिकन्सचा ऑलिव्हर ट्विस्ट, दुसरी शार्लट ब्रॉन्टीची जेन एअर. पहिली कादंबरी १८३७ ते १८३९ या काळांत क्रमशः प्रसिद्ध झाली, दुसरी १८४७ सालीं. एकींत पातळ पेज आहे, दुसरींत करपलेली लापशी. आणि दोन्ही ठिकाणीं वाचकाचें हृदय द्रवतें. टीकाकार बहुधा येथेंच थांबतात. पण करुणरसाचा परिपोष झाला कीं ग्रंथकाराचें काम संपलें, असें आम्हांस वाटत नाहीं. उपाशी मुलाला अन्न कोणी द्यावें आणि कोणत्या नात्यानें द्यावें, या प्रश्नाला या दोघांनीं काय उत्तर दिलें, हेंहि पाहिलें पाहिजे. कारण तो प्रश्न आपल्या शाळांच्या ओसरीवर अजून उभा आहे.

डिकन्सचा प्रसंग सर्वविश्रुत आहे. निराश्रितांसाठीं चालविलेल्या वर्कहाऊसमधील मुलें आपले वाडगे चमच्यांनीं इतके निपटून काढीत कीं ते धुण्याचें कारणच पडत नसे. तीन महिने उपासमार सोसल्यावर त्यांनीं चिठ्ठ्या टाकल्या, ऑलिव्हरची चिठ्ठी निघाली, आणि त्यानें आणखी पेज मागितली. पुढें पोर बंड करूं लागलें तेव्हां, त्याला मांस खाऊं घातल्याचा हा परिणाम, असा सिद्धांत बम्बल मांडतो. असा बोचरा उपहास इंग्रजी वाङ्मयांतहि विरळाच.

परंतु ऑलिव्हरचें मागणें एकट्याचें नव्हतें, सर्वांच्या वतीनें होतें, हें पुष्कळ वाचक विसरतात. आणि आमचा आक्षेप असा कीं, खुद्द डिकन्सहि तें विसरला. ऑलिव्हरला ब्राउनलो नांवाचा दयाळू गृहस्थ भेटतो, त्याच्या कुळाचा उलगडा होतो, वारसा मिळतो आणि शेवट गोड होतो. पण चिठ्ठ्या टाकणारीं तीं बाकीचीं मुलें? त्यांची विचारपूस कादंबरी पुन्हा करीत नाहीं. लहानपणचा सोबती डिक तर मरण पावतो. एका मुलाला सज्जन भेटला. सर्वांना पुरतील इतके सज्जन कोणत्याहि देशांत नसतात. दोष दाखवितांना डिकन्स संस्थेवर बोट ठेवतो, आणि उपाय सुचवितांना व्यक्तीच्या औदार्याकडे धांव घेतो. या थोर कादंबरीची ही खरी उणीव होय.

ब्रॉन्टीची दृष्टि येथें अधिक खोल गेली आहे. तिच्या मरिया व एलिझाबेथ या दोन वडील बहिणी एका धर्मादाय शाळेंतून आजारी होऊन परतल्या व १८२५ सालीं वारल्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे लोवुडच्या शाळेचें वर्णन इतकें नेमकें कां, तें कळतें. भुकेनें कासावीस झालेल्या थोरल्या मुली धाकट्यांचा घांस धमकावून घेतात, हें तिनें लपविलेलें नाहीं. करपलेली लापशी कोणाच्या घशाखालीं उतरेना, तेव्हां मिस टेंपल आपल्या जबाबदारीवर पाव व चीज वांटते. त्यावर संस्थेचा चालक ब्रॉकलहर्स्ट तिला बजावतो कीं, यानें मुलींचे देह पोसले गेले, पण आत्मे उपाशी राहिले. आणि लोवुड सुधारतें कसें? साथीच्या तापानें अनेक मुली दगावतात, लोकांचें लक्ष वेधतें, चौकशी होते, आहाराचे नियम बदलतात व पैशाचा कारभार मंडळाच्या हातीं जातो. ब्रॉकलहर्स्ट खजिनदार राहतो, पण एकतंत्री राहत नाहीं. ब्रॉन्टीनें ही हकीकत मोजक्या ओळींत उरकली आहे; तथापि डिकन्सला न सुचलेलें उत्तर तींत आहे.

शाळा विद्येसाठीं आहे, खानावळ नव्हे, असें म्हणणारे ब्रॉकलहर्स्टचे वंशज आपल्यांतहि आहेत. तरी काळ पुढें सरकला. इंग्लंडांत १९०६ च्या कायद्यानें शाळेंत जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. मद्रास राज्यांत १९५६ सालीं कामराजांनीं या कार्यास मोठी चालना दिली. १९९५ पासून आपल्याकडे देशव्यापी योजना आली, पण बहुतेक राज्यांत ती महिना तीन किलो धान्य वांटण्यापुरती होती. तें धान्य घरच्या डब्यांत मिसळे. मुलाचा वांटा निराळा उरत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास, वर्षांतून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनें असलेलें शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें त्यास हक्काचें रूप आलें.

या आदेशांतील 'प्रत्येक' हा शब्द आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या जुन्या चरित्रांत वार लावून जेवलेल्या, माधुकरी मागून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांतून मोठीं माणसें निपजलीं हें आपण अभिमानानें सांगतों; पण आज कोणत्या दारीं कोणत्या चेहऱ्यानें वाढतील, ही त्या मुलांची धास्ती आपण सहसा उच्चारीत नाहीं. शिवाय ती सोय बहुतांशीं एकाच जातीच्या मुलांना खुली होती. उलट भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस बसलीं. दान घेणाऱ्याची मान खालीं जाते. पंगतींत बसणाऱ्याची जात नाहीं.

शाळेचें जेवण निर्दोष आहे, असा मात्र आमचा दावा नाहीं. जुलै २०१३ मध्यें बिहारच्या सारण जिल्ह्यांत कीटकनाशक मिसळलेलें अन्न खाऊन २३ मुलें दगावलीं. दाता चांगला असून भागत नाहीं, देखरेख हवी, हा लोवुडचा धडा किती महागांत शिकावा लागतो! पण स्वयंपाकांत दोष आढळला म्हणून चूल विझविणें हा शहाणपणा नव्हे.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, हीं दोन पुस्तकें एकापाठोपाठ एक वाचावीं. ऑलिव्हर मागण्याचें धैर्य दाखवितो, त्याचें कौतुक आपण पिढ्यानुपिढ्या करीत आलों. नऊ वर्षांच्या मुलाला अन्नासाठीं धैर्य लागावें, याची लाज वाटली तरच तें कौतुक खरें.