टिळकांची सन १८९८ मधील सुटका : एका रूढ समजाचें परीक्षण

लोकमान्य टिळकांच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्याविषयीं एक कथा पुष्कळांच्या तोंडीं आहे. ती अशी कीं, ऑक्सफर्डचे पंडित मॅक्स म्युलर यांनीं व्हिक्टोरिया राणीस विनंती केली आणि राणीनें टिळकांस मुदतीपूर्वीं मुक्त केलें. कथा गोड आहे व तींत विद्येचा गौरवही आहे. परंतु गोडी हा पुरावा नव्हे. म्हणून तिला आधार कितपत आहे, हें येथें तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी मांडूं. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकांतील शिवाजी-उत्सवाचा वृत्तांत व ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता यांवरून दंडसंहितेच्या १२४-अ कलमाखालीं फिर्याद झाली. तो अंक निघाल्यावर आठवड्यानेंच, २२ जूनच्या रात्रीं, पुण्यास रँड व आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. टिळकांस २७ जुलै रोजीं मुंबईस अटक झाली. न्या. स्ट्रेची यांच्यापुढें ८ सप्टेंबरपासून खटला चालून १४ सप्टेंबरास निकाल लागला. नऊ ज्यूररांपैकीं सहा युरोपियनांनीं दोषी व तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी असें मत दिलें. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलांत अ‍ॅस्क्विथ यांनीं बाजू मांडली, परंतु अपिलाची परवानगी मिळाली नाहीं. पुढें ६ सप्टेंबर १८९८ रोजीं टिळक सुटले.

आतां तारखा पाहूं. पूर्ण मुदत मार्च १८९९ मध्यें संपावयाची. म्हणजे सूट मिळाली ती सुमारें सहा महिन्यांची. शिक्षेचे दोन तृतीयांश तुरुंगांतच गेले होते. शिवाय सुटका बिनशर्त नव्हती. सुटकेप्रीत्यर्थ होणाऱ्या सत्कारसमारंभांत भाग घेऊं नये, आणि पुन्हा राजद्रोह शाबीत झाल्यास उरलेले सहा महिनेही भोगावे, अशा अटी टिळकांकडून मान्य करून घेण्यांत आल्या. ही राजकृपेची भाषा नव्हे. हा सावध सरकारचा हिशेब आहे. अर्जाचें वजन मुळींच पडलें नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. अर्ज गेला व नंतर सुटका झाली, एवढ्यावरून अर्जामुळेंच सुटका झाली असें ठरत नाहीं, इतकेंच.

त्या अर्जावर सह्या करणारे एकट्या मॅक्स म्युलर यांच्या पंथाचे नव्हते. सर विल्यम हंटर हे हिंदुस्थान सरकारच्या नोकरींत आयुष्य घालविलेले इतिहासकार. सर रिचर्ड गार्थ हे कलकत्त्याचे माजी मुख्य न्यायाधीश. यांखेरीज दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त. मॅक्स म्युलर यांस ‘ओरायन’ या ग्रंथांतील वेदकालनिर्णय पटलेला नव्हता. मत न पटलेल्या ग्रंथकारासाठीं त्यांनीं शब्द टाकिला, ही गोष्ट रूढ कथेहून अधिक मोलाची आहे. त्यांनीं तुरुंगांत धाडलेल्या ऋग्वेदाच्या प्रतीचा उपयोग टिळकांनीं केला, व १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क्टिक होम इन् दि वेदाज्’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्याचा उल्लेखही केला.

तथापि या अर्जांत एक मोठें वैगुण्य होतें व तें झांकण्यांत अर्थ नाहीं. त्यानें संस्कृतज्ञासाठीं दया मागितली. पत्रकर्त्यासाठीं न्याय मागितला नाहीं. ‘केसरी’च्या संपादकास लिहिण्याचा हक्क होता कीं नव्हता, हा मूळ प्रश्न त्यानें तसाच सोडला. खुद्द टिळकांनीं मात्र माफी मागून सुटण्याचा मार्ग खटल्यापूर्वींच नाकारिला होता. त्या बाण्याशीं अधिक जुळती मदत बंगाल्यांतून आली. शिशिरकुमार व मोतीलाल घोष यांनीं खटल्यासाठीं निधि जमविण्यांत पुढाकार घेतला, कलकत्त्याहून पग व गार्थ हे बॅरिस्टर मुंबईस आले, आणि डिसेंबर १८९७ मध्यें अमरावतीच्या काँग्रेसमध्यें सुरेंद्रनाथ बानर्जी यांनीं तुरुंगांतील टिळकांविषयीं उघड सहानुभूति दर्शविली. सुरेंद्रनाथ स्वतः १८८३ मध्यें ‘बेंगाली’ पत्रांतील लेखाबद्दल कारावास भोगून आलेले होते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढील आहे. त्याच वर्षीं, त्याच कलमाखालीं, इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्राच्या संपादकासही जबर शिक्षा झाली. ती हायकोर्टानें कमी केली. परंतु इस्लामपूरच्या संपादकानें ‘ओरायन’ लिहिला नव्हता! त्याच्यासाठीं ऑक्सफर्डहून ऋग्वेद आला नाहीं, व आज त्याचें नांवही बहुतेकांस ठाऊक नाहीं. विद्वत्ता हेंच सुटकेचें कारण ठरविलें, तर ज्याच्यापाशीं केवळ लेखणी आहे त्यानें कोणाकडे पाहावें?

आणि कायद्याचें काय झालें? सुटकेच्या वर्षींच, १८९८ मध्यें, १२४-अ कलम नव्यानें मांडून अधिक व्यापक करण्यांत आलें आणि १५३-अ हें नवें कलम जोडलें गेलें. दहा वर्षांनीं, १९०८ साली, टिळकांस पुन्हा ‘केसरी’तील लेखांबद्दलच सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी-कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेविलें, तरी टिळक मंडालेहून परतले ते १९१४ च्या जूनमध्यें. दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. तिचा इतिहास मात्र लिहावयाचा राहिला आहे.

सारांश, १८९८ चा अर्ज हा उदार मनांचा आदरणीय कागद आहे. तो विजयपत्र नव्हे. या प्रकरणाचा पुरा निवाडा व्हावयाचा तर थोरांच्या सह्यांबरोबर लहानांचीं दप्तरेंही पुढें आलीं पाहिजेत. निधीस रुपया-आठ आणे देणाऱ्यांच्या याद्या, खटल्याच्या दिवसांतील खाजगी पत्रें, तालुक्याच्या गांवच्या पत्रांचे जीर्ण अंक, हें सर्व जुन्या वाड्यांतील पेट्यांत व माळ्यांवर अद्याप सांपडण्याजोगें आहे. बखरी व सनदा जपणाऱ्या आमच्या संग्राहक मित्रांनीं हे कागद अलीकडचे म्हणून रद्दींत घालूं नयेत, एवढीच विनंती. वाळवी कागदाचें वय विचारीत नाहीं.