कलम ९ आणि बाबांचा ओटीपी

आज आम्ही बोलणार आहोत ते एका कलमापुरतंच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर केला. त्याचं नववं कलम मुलांविषयी आहे. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांना तयारीसाठी त्यापुढे १८ महिने मिळाले.

कलम तसं सरळ आहे. १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल. त्याचा डेटा वापरायचा तर पालकांची संमती हवी, आणि तीही पडताळता येईल अशी. मुलांचा माग काढायचा नाही, वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. (जाता जाता सांगतो, या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात 'तो'ऐवजी सगळीकडे 'ती' आहे. तेवढ्याबद्दल लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण.)

पाळत आणि जाहिरातींवरची बंदी आम्हाला मनापासून पटते, कारण तिथं ओझं कंपनीवर आहे. घोडं अडतं ते संमतीपाशी.

नियमांत उदाहरणं दिली आहेत, ती बघा. एक मुलगी खातं उघडायला जाते आणि कंपनीला सांगते, 'मी लहान आहे.' मग कंपनी पालकांना विचारते, त्यांची ओळख आणि वय तपासते. आधीपासून जवळ असलेल्या माहितीवरून किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेच्या टोकनवरून. म्हणजे सगळा डोलारा त्या पहिल्या वाक्यावर उभा! आता कोणता चौदा वर्षांचा पोरगा आपणहून असं सांगेल? जन्मसाल चार-पाच वर्षं मागे सरकवलं की काम झालं. अमेरिकेत १९९८ पासून 'कॉपा' कायदा आहे, १३ वर्षांखालच्या मुलांसाठी. तिथंही मुलं पहिल्यांदा शिकली ती हीच युक्ती.

बरं, खोटं पकडायचंच ठरवलं तर? मग सगळ्यांचंच वय तपासावं लागणार, तुमचं-आमचंसुद्धा. खासगीपणा जपणारा कायदा आणि त्यासाठी आणखी कागदपत्रं! ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली, तेव्हा तिथंही हाच वाद झाला.

आणि आपल्या घरांत काय चालतं? बाबांच्या फोनवर ओटीपी येतो, तो वाचते मुलगी, टाकते मुलगी, आणि 'सहमत आहे'वर बोटही तीच ठेवते. आजीचं डिजिलॉकर तर नातवानंच उघडून दिलेलं असतं. जिथं घरातलं सगळं ऑनलाइन काम पोरंच करतात, तिथं पालकांची संमती म्हणजे नक्की कुणाची संमती?

दुसऱ्या टोकाची गोष्ट जास्त काळजीची आहे. सतरा वर्षांची मुलगी आहे. घरात मारहाण होते, आणि तिला कुणाशी तरी चॅटवर बोलायचंय. दवाखाने, मानसोपचार संस्था, डॉक्टर यांना नियमांत सूट आहे. पण मुलांशी नुसतं बोलणारी, धीर देणारी एखादी छोटी स्वयंसेवी संस्था त्या यादीत नावानं सापडत नाही. मग त्या संस्थेनं काय करायचं? मारणाऱ्या बापाकडेच परवानगी मागायची? सहा वर्षांचं पोर आणि बारावीतली मुलगी एकाच मापानं मोजली की हे असं होतं. २०१८ मध्ये श्रीकृष्ण समितीनंच आपल्या अहवालात मान्य केलं होतं की मुलांच्या स्वतंत्र वाढीच्या दृष्टीनं १८ ही मर्यादा जास्त वाटू शकते. तरी ती ठेवली, कारण आपले बाकीचे कायदे १८ च धरतात.

याच कलमात एक खिडकी आहे. जी कंपनी मुलांचा डेटा सुरक्षितपणे हाताळते अशी सरकारची खात्री पटेल, तिच्यापुरतं वय सरकार खाली आणू शकतं. आमचं म्हणणं, वय कंपनी बघून का ठरवायचं? मूल बघून ठरवा ना. तेराच्या पुढच्या मुलांना मदत, आरोग्य, अभ्यास यांसाठी स्वतःची संमती देऊ द्या, आणि जाहिराती-पाळतीची बंदी मात्र १८ पर्यंत तशीच ठेवा.

शाळांनाही पाळतीतून सूट आहे, 'शैक्षणिक कामासाठी' आणि 'सुरक्षेसाठी'. हे दोन शब्द किती ताणता येतात, ते पालकसभेला जाणाऱ्यांना आम्ही सांगायला नको.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे.