दोन शिरच्छेद

प्रथमदर्शनी बनलेले मत समीक्षेच्या फारसे कामाचे नसते. मात्र ते का बनले, हे तपासणे कधी कधी उद्बोधक ठरते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११) या दूरचित्रवाणी-मालिकेचा पहिला भाग पाहून मी ती बाजूला सारली व बीबीसीच्या हलक्याफुलक्या ‘मर्लिन’कडे (२००८) वळलो. अद्भुतात भयानक आणि बीभत्स यांची एवढी भेसळ सोसवली नाही.

योगायोग असा, की दोन्हींच्या पहिल्याच भागात शिरच्छेद आहे. ‘मर्लिन’मध्ये जादू केल्याबद्दल एका तरुणाला देहान्त शिक्षा होते. राजा उथर सज्जातून खूण करतो, घाव जल्लाद घालतो, आणि लगोलग उत्सव जाहीर होतो. मृताची आई सूडाची शपथ घेते, तेव्हा तिचे दुःख क्षणभर खरे वाटते. पुढे ती निव्वळ दुष्ट चेटकीण होते व भाग संपण्यापूर्वीच तिचा निकाल लागतो.

याउलट नेड स्टार्क पळून आलेल्या पहारेकऱ्याचे मस्तक स्वतःच्या तलवारीने उडवितो. शिक्षा सांगणाऱ्यानेच ती अमलात आणावी, अशी त्याची धारणा आहे. मरणारा खरे बोलत होता, हे प्रेक्षक जाणतो, नेड जाणत नाही. लहानग्या ब्रॅनला तर नजर न वळविण्याविषयी बजावलेले असते. भागाच्या अखेरीस हाच मुलगा, नको ते पाहिले म्हणून, बुरुजावरून ढकलला जातो. काळोख आहे तो या पाहण्यात. रक्त गौण होय. (नग्नतेचा सोस मात्र मला अद्यापि समर्थनीय वाटत नाही.)

नवव्या भागात नेडचाच शिरच्छेद होतो. तेव्हा त्याच्या मुली तेथे हजर असतात.